जगातला सर्वांत लहान साप आणि त्याचे ओंजळभर रान



साप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? फणा काढलेला नाग, नाहीतर बांधावरून सळसळत जाणारी धामण. पारावर गप्पा रंगल्या की प्रत्येकाचा साप दुसऱ्याच्या सापापेक्षा हातभर लांबच असतो! पण आज आम्ही तुम्हाला लांबलचक सापाची नाही, तर अगदी इवल्याशा सापाची माहिती सांगणार आहोत. हा साप दहा रुपयांच्या नाण्यावर वेटोळे घालून आरामात बसू शकेल. आजवर माणसाला माहीत झालेल्या सगळ्या सापांत हा सर्वांत लहान गणला जातो.

हा साप आपल्याकडे मिळत नाही. बार्बाडोस नावाच्या एका बेटावर तो राहतो आणि साऱ्या पृथ्वीवर फक्त तेवढ्या एकाच बेटावर राहतो. त्याला मराठी नाव नाही. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘धाग्यासारखा साप’ असा होतो, म्हणून या लेखात आपण त्याला ‘धागासाप’ म्हणू या. शास्त्रज्ञांनी त्याचे नाव ठेवले आहे टेट्राकायलोस्टोमा कार्ली. सापापेक्षा नावच लांब! आहे की नाही गंमत?

बार्बाडोस कुठे आले?

क्रिकेटचे वेड असलेल्यांना हे नाव नवे नाही. वेस्ट इंडीजचा महान खेळाडू गारफिल्ड सोबर्स इथलाच. २९ जून २०२४ रोजी भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून वीस षटकांचा विश्वचषक जिंकला, तो सामनाही या बेटावरच, ब्रिजटाऊन या राजधानीच्या गावी झाला.

वर्गातला जगाचा नकाशा काढा. दक्षिण अमेरिकेच्या वरच्या अंगाला, अटलांटिक महासागराच्या कडेला बेटांची एक माळ दिसेल. त्या माळेच्या थोडे बाहेर, पूर्वेला जो एकटा ठिपका आहे तो बार्बाडोस. बेटाची लांबी साधारण ३४ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर. सकाळी सायकलवर टांग मारून एका टोकाहून निघालेला माणूस दुपारच्या भाकरीला दुसऱ्या टोकाला पोचेल, एवढाच तो मुलूख. चहूकडे खारे पाणी. तिथल्या रानातल्या जिवाला रान सोडून दुसरीकडे जायचे म्हटले तर जायला जागा नाही.

साप केवढा, खातो काय?

पूर्ण वाढलेला धागासाप सुमारे १० सेंटिमीटर भरतो. आपली पट्टी १५ सेंटिमीटरची असते. पट्टीवर ठेवला तर शेवटचे पाच आकडे मोकळे राहतील. जाडी एखाद्या जाड शेवईएवढी. वजन एक ग्रॅमसुद्धा नाही. अंग गडद रंगाचे आणि पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या फिकट पिवळसर रेघा.

एवढासा साप खाणार तरी काय? उंदीर, बेडूक हे तर त्याच्यापुढे डोंगराएवढे. तो मुंग्यांच्या आणि वाळवीच्या अळ्या खातो. त्याला विष नाही. माणसाला चावायचे म्हटले तरी त्याचे तोंड बोटाला पुरणार नाही. दिवसभर तो दगडाखाली, पाचोळ्याखाली, भुसभुशीत मातीत दडून असतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. लहान अंग लवकर सुकते. ओला टॉवेल वाळायला वेळ लागतो, पण ओला रुमाल पटकन वाळतो, तसेच हे. म्हणून अशा सापाला उघडे ऊन सोसत नाही. त्याला सावली पाहिजे, ओल पाहिजे, कुजलेला पाला पाहिजे आणि त्या पाल्यात मुंग्या नि वाळवी पाहिजे. थोडक्यात, त्याला रान पाहिजे.

अंडे एकच का?

कोंबडी डझनभर अंडी उबवते. नागीण तर त्याहूनही जास्त अंडी घालते. धागासापाची मादी मात्र एका वेळी एकच अंडे घालते. ती आळशी आहे म्हणून का? नाही. त्यामागे सरळ हिशेब आहे.

मोठ्या सापांची पिल्ले आईच्या लांबीच्या दहाव्या हिश्शाएवढी असतात. धागासापाचे पिल्लू तेवढे निघाले असते तर ते फक्त १ सेंटिमीटरचे झाले असते. एवढ्या पिल्लाच्या तोंडात मावेल अशी अळी मिळणार कुठून? ते उपाशीच मेले असते. म्हणून या सापाचे पिल्लू जन्मतःच आईच्या निम्मे असते, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटरचे. असे मोठे पिल्लू ज्यात मावेल ते अंडेही मोठे लागते, आणि आईच्या बारीकशा पोटात असले अंडे एकच मावते.

पण याचा एक तोटा आहे. ज्याची पिल्ले पुष्कळ, त्याची चार मेली तरी वंश चालतो. ज्याला एका वेळी एकच, त्याचे रान गेले आणि ते एकही गेले, तर पुढे काय?

रान गेले कुठे?

एके काळी सगळे बार्बाडोस बेट झाडीने भरलेले होते. १६२७ साली इंग्रज तिथे वस्ती करायला उतरले. १६४० नंतर तिथे ऊस आला. आफ्रिकेतून माणसे धरून आणून, त्यांना गुलाम करून त्यांच्याकडून उसाचे मळे पिकवून घेतले. साखरेला युरोपात मोठी किंमत येई. मग काय, पन्नास वर्षे व्हायच्या आतच जवळजवळ सगळे रान तोडले गेले आणि जिकडे तिकडे ऊसच ऊस झाला.

आज तिथल्या मूळ रानापैकी साधारण शंभरात दोन भाग उरले आहेत. पालक मंडळी हिशेबात आमच्यापेक्षा पक्की आहेत. समजा, तुमची शंभर एकर जमीन होती आणि त्यातली अठ्ठ्याण्णव एकर गेली. उरलेले दोन एकरही एका जागी नाहीत, इथे चार गुंठे, तिथे सहा गुंठे. असा धागासापाचा सातबारा आहे! जिथे चढ फार होता, घळ होती, नांगर चालत नव्हता, तिथेच थोडी झाडे वाचली. टर्नर्स हॉल वुड्स नावाचे जुन्या झाडीचे एक रान तिथे आहे, ते सुमारे ५० एकरांचे. आपल्याकडे देवराया वाचल्या त्या देवाच्या धाकाने. तिकडे रान वाचले ते चढाच्या कृपेने.

जमीन गेली त्याबरोबर आणखी एक संकट आले. उसात उंदीर फार झाले म्हणून मळेवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या देशातले मुंगूस तिकडे नेऊन सोडले. मुंगसांनी उंदरांबरोबर इतर प्राण्यांचाही फडशा पाडला. त्या बेटावर ‘बार्बाडोस रेसर’ नावाचा एक साप होता. तो जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. आज तो नामशेष झालेला आहे. धागासाप मातीत दडून राहतो म्हणून तो अजून आहे.

नाव मिळाले आणि साप हरवला

अमेरिकेतले ब्लेअर हेजेस नावाचे शास्त्रज्ञ २००६ साली बार्बाडोसच्या पूर्वेकडच्या रानात दगड उलथून सरडे, साप शोधत होते. तिथे त्यांना हे इवले साप मिळाले. आधीच्या लोकांनीही असे साप पकडून संग्रहालयांत बाटल्यांमध्ये ठेवले होते, पण ते दुसऱ्याच जातीचे समजून. हेजेस यांनी त्यांच्या अंगावरचे खवले मोजले, रंग ताडून पाहिला आणि ही वेगळी जात आहे असे दाखवून दिले. २००८ साली तिला नाव मिळाले. त्यांची पत्नी कार्ला हीदेखील सरपटणाऱ्या प्राण्यांची अभ्यासक, म्हणून नावात ‘कार्ली’ आले.

नाव मिळाले खरे, पण त्यानंतर साप दिसेनासा झाला. एक वर्ष गेले, पाच गेली, दहा गेली. कोणाच्याही खात्रीशीर पाहण्यात तो येईना. शेवटी तो ‘हरवलेल्या प्राण्यांच्या’ यादीत गेला. काही जण म्हणू लागले, संपला असेल बहुतेक.

तिथल्या पर्यावरण खात्यातले कॉनर ब्लेड्स आणि ‘रीवाइल्ड’ या संस्थेचे जस्टिन स्प्रिंगर यांनी मात्र शोध सोडला नाही. वर्षाहून अधिक काळ ते रानातले दगड उचलून पाहत होते. २० मार्च २०२५ रोजी एका झाडाच्या मुळाखाली अडकलेला दगड स्प्रिंगर यांनी सरकवला. सरकवताना ते थट्टेने म्हणाले, मला धागासापाचा वास येतोय! आणि खरोखरच दगडाखाली एक बारीकसा जीव वळवळत होता.

पण आनंदाने उडी मारायची सोय नव्हती. कारण त्या बेटावर अगदी तसाच दिसणारा दुसरा एक साप आहे. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. म्हणून तो जीव जपून विद्यापीठात नेला, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला. पाठीवरच्या फिकट रेघा दिसल्या. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना दिसले. नाकावरचा खवला पाहिला. सगळी खूण पटली. हरवलेला साप सापडला! मग त्यांनी काय केले असेल? बाटलीत भरून ठेवले? नाही. त्याला पुन्हा त्याच्या रानात नेऊन सोडले.

तो दुसरा साप कोण?

आता खरी मजा ऐका. बार्बाडोसमधला तो दुसरा, हुबेहूब दिसणारा साप म्हणजे आपला वाळा!

होय, तोच वाळा. पावसाळ्यात न्हाणीघराच्या मोरीत दिसतो, तुळशीवृंदावनाच्या मातीत सापडतो, कुंडी उचलली की खाली वळवळतो. कोणी त्याला गांडूळ समजतात, तर कोणी ‘सापाचं पिल्लू आलं’ म्हणून खराट्याने मारतात. तो ना गांडूळ, ना कोणाचे पिल्लू. तो पूर्ण वाढलेला, बिनविषारी साप आहे. तोही मुंग्यांची व वाळवीची अंडी-अळ्या खातो. ज्या घराच्या तुळयांना वाळवी लागते, त्या घराने तर त्याचे आभार मानावेत.

मग आपला वाळा समुद्र ओलांडून एवढ्या दूर गेला कसा? फुकट प्रवास करून! कुंड्यांतल्या मातीत, रोपांच्या मुळांशी तो दडून बसतो. झाडे बोटीत चढली की तोही चढतो. असा तो अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर जाऊन पोचला आहे. इतका दूरवर पसरलेला दुसरा साप नाही.

त्याच्या या पसरण्यामागे आणखी एक गुपित आहे. वाळ्यामध्ये नर नसतोच! सगळ्या माद्या. मादी नराशिवायच अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. त्यामुळे नव्या देशात एकटी वाळा-मादी जरी कुंडीतून उतरली, तरी काही वर्षांत तिचे गोकुळ होते.

धागासापाचे तसे नाही. त्याला नर आणि मादी दोन्ही लागतात. रानाचे तुकडे झालेले, एका तुकड्यात मूठभर साप. मधे शेते, रस्ते, घरे. १० सेंटिमीटरच्या सापाने ते ओलांडायचे कसे? नर या तुकड्यात आणि मादी त्या तुकड्यात राहिली, तर दोघांची गाठ पडायची नाही. शोधणाऱ्या मंडळींना याचीच मोठी चिंता वाटते.

दोघांची तुलना

१. वाळा जगभर आढळतो. धागासाप फक्त बार्बाडोसमध्ये, आणि तिथेही थोड्याच रानात.

२. वाळ्याला मोरी, कुंडी, शेत, बाग काहीही चालते. धागासाप रानातच सापडला आहे.

३. वाळा एका वेळी बरीच अंडी घालतो, तेही नराशिवाय. धागासाप एकच अंडे घालतो, आणि त्याला जोडीदार लागतो.

४. वाळ्याच्या कुळातल्या सापांना दात फक्त वरच्या जबड्यात असतात. धागासापाच्या कुळात दात फक्त खालच्या जबड्यात असतात.

५. वाळ्याला धोका नाही. धागासाप ‘अत्यंत संकटात’ असलेल्या प्राण्यांत मोडतो.

दिसायला सारखे, खायलाही सारखे, पण एकाला सगळे जग मोकळे आणि एकाला चार घळींपलीकडे जागा नाही. म्हणूनच, ‘साप काय, सगळे सारखेच, एक जात गेली तर बिघडले कुठे?’ असे म्हणून चालत नाही. वाळा उद्या बार्बाडोसभर झाला तरी त्याने धागासाप भरून येणार नाही. गेलेले रान पुन्हा लावता येते, वेळ लागला तरी येते. गेलेली जात पुन्हा आणता येत नाही.

आपल्याकडचे काय?

‘हे सगळं तिकडचं झालं, आपल्याला काय त्याचं?’ असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडेही असे साप आहेत. खापरखवल्या नावाचे साप दक्षिण भारत आणि श्रीलंका सोडून जगात कुठेच नाहीत. त्यांच्या काही जाती आपल्या सह्याद्रीत आहेत. टोकदार तोंडाने ते जमीन उकरतात, गांडुळे खातात, आणि त्यांची शेपटी खापरीच्या तुकड्यासारखी खडबडीत असते. ते बिनविषारी आहेत. पावसाळ्यात जमिनीतून वर आले की रस्त्यावर चिरडले जातात, नाहीतर काठीने मारले जातात. एखादी जात एक-दोन डोंगरांपुरतीच असेल, तर तिथे मारलेला प्रत्येक साप हिशेबात धरावा लागतो.

तेव्हा आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, घरात वाळा दिसला तर मारू नका. मोठ्या माणसांना सांगा. सुपलीत किंवा पुठ्ठ्यावर घेऊन त्यांना तो परसातल्या ओल्या मातीत सोडता येतो.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. सापाला, मग तो कितीही लहान असो, हात लावू नका. मण्यार आणि फुरसे यांची पिल्लेही लहानच असतात आणि ती जन्मतः विषारी असतात. ‘लहान आहे म्हणजे वाळाच’ असे समजू नका. अंधारात, दगडाच्या फटीत, कडब्यात हात घालू नका. दगड उलथून पाहणे हे जाणकार मोठ्या माणसांचे काम आहे. आणि साप चावलाच, तर मांत्रिकाकडे न जाता वेळ न दवडता सरकारी दवाखाना गाठावा. तिथे सर्पदंशावरची लस असते.

तिसरी गोष्ट पालकांसाठी. बांधावरची झुडपे, ओढ्याकाठची झाडी, देवराईतला पाला, ही जागा आपल्याला पडीक वाटते. पण कितीतरी जिवांचे ते घर असते. सगळाच पाला जाळू नका, सगळाच बांध उघडा करू नका. एक कोपरा तसाच ठेवा. दगड उचलावा लागला तर पुन्हा जागच्या जागी ठेवा. दगड आपल्याला एकच दिसतो, पण त्याखाली ओल असते, आणि त्या ओलीवर कोणाचा तरी संसार चाललेला असतो.

बार्बाडोसमध्ये शोधणाऱ्यांना वर्षभर दगड उलथावे लागले, तेव्हा एक साप दिसला. आपल्या गावात वाळा अजून न शोधता दिसतो. या पावसाळ्यात तो कुठे दिसला, केव्हा दिसला, काय करत होता, हे लांबूनच पाहून वर्गातल्या निसर्गवहीत लिहा. पट्टीने मोजायला जाऊ नका, नजरेनेच अंदाज करा. दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून पुढच्या अंकात लावू.